उंची अंगवळणी पडते का?

फौजी : डॉक्टर, सियाचीनचं पोस्टिंग आलेल्या पोराला तुम्ही उगाच धसका देता. आपलं तासगाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथं बेदाण्याच्या शेडवर वाढलेलं पोरगं भरती होतं आणि काही वर्षांत साडेपाच-सहा हजार मीटरवरच्या पोस्टवर पहारा देतं. लेहला विमानातून उतरल्यावर पहिल्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. घास चावताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. भूक मरते, डोकं ठणकतं, रात्री डोळा लागत नाही. तेच पोरगं तीन आठवड्यांनी रॉकेलचा जरीकॅन पाठीवर बांधून बर्फ तुडवत वर चढतं आणि संध्याकाळी बुखारीभोवती बसून गावाकडच्या रथोत्सवाच्या गप्पा मारतं. कुणी त्याला टॉनिक पाजलेलं नसतं, कुणी ऑपरेशन केलेलं नसतं. शरीर आपलं आपण तयार होतं. मी हे स्वतःच्या अंगावर बघितलंय. म्हणून सांगतो, माणसाच्या देहासारखं जुळवून घेणारं दुसरं काही नाही.

डॉक्टर : मेजर, पोरगं वर जातं आणि तिथं काम करतं, हे मला मान्यच आहे. माझी शंका पुढची आहे. ते तिथं कशाच्या जिवावर उभं असतं आणि त्याची किंमत कुठं वसूल होते? आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. वर प्राणवायूचं प्रमाण कमी असतं असं सगळे म्हणतात. ते इथं जेवढं तेवढंच तिथं, शंभरात एकवीस. घटतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. महाबळेश्वर जेमतेम १३७० मीटर, तिथं तो साडेसहाशेच्या आसपास उतरतो. लेह ३५०० मीटर, तिथं दोनतृतीयांशाहून थोडा कमी उरतो. ५५०० मीटरवर निम्मा, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ साली मोजला तेव्हा २५३ मिलिमीटर, म्हणजे एकतृतीयांश. आपल्याकडं उंचीचं आकर्षण जुनं. पाचगणीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं निघाली, अजूनही लोक हवापालटाला महाबळेश्वरला जातात. तिथं बरं वाटतं, कारण तेवढ्या उंचीचा शरीरावर काही भारच पडत नाही. दाब थोडा घसरला तरी हिमोग्लोबिन प्राणवायूनं जवळजवळ पूर्ण भरतं. अडीच-तीन हजार मीटरच्या पुढं मात्र ते भरणं झपाट्यानं घटायला लागतं. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर लेहला नव्यानं उतरलेल्या धडधाकट जवानाच्या बोटाला लावला, तर आकडा नव्वदीच्या खाली दिसू शकतो. तोच आकडा इथं दिसला असता तर मी त्याला तातडीनं भरती करून घेतलं असतं.

फौजी : पण तिथं तो भरती होत नाही, चहा पितो! हेच तर माझं म्हणणं. पहिल्या रात्रीपासून श्वास आपोआप भरभर चालतो. कुणी हुकूम दिलेला नसतो. शेजारच्या बिछान्यातल्या गड्याचा श्वास ऐकत मी कितीदा जागा राहिलोय. भराभर चार-सहा श्वास, मग एकदम बंद. आपण घाबरून कोपरानं ढोसणार तेवढ्यात तो मोठ्ठा उसासा टाकतो आणि पुन्हा सुरू. सुरुवातीला वाटायचं, हा आता जातो. आठवड्याभरात ते कमी होतं. लघवीला सारखं जावं लागतं, त्या थंडीत उठणं म्हणजे शिक्षाच. पण जुने लोक सांगायचे, लघवी भरपूर होतेय ना, मग तू टिकलास. यामागं काहीतरी शहाणपण असणार की नाही?

डॉक्टर : जुन्या लोकांचं ते निरीक्षण अचूक होतं. मानेत, जिथं मोठी रक्तवाहिनी दुभागते, तिथं तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला प्राणवायू घटला की तो मेंदूला कळवतो, श्वास वाढव. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदूतलंच दुसरं केंद्र म्हणतं, पुरे कर. झोपेत या दोन हुकमांची ओढाताण चालते. तुमच्या शेजारचा गडी थांबायचा आणि उसासा टाकायचा तो त्यामुळं. मूत्रपिंडं ही ओढाताण मिटवतात. ती बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात, त्यामुळं दुसऱ्या केंद्राची हरकत हळूहळू मावळते आणि श्वास मोकळेपणानं वाढतो. याला काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करून घेते. इथपर्यंत मीही तुमच्याबरोबर कौतुक करीन. पण त्याच देहात दुसऱ्या जागी काय चाललेलं असतं बघा. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोचेनाशी झाली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडं वळतं. न्यूमोनियात ही योजना जीव वाचवते. उंचावर मात्र सगळ्याच फुप्फुसात प्राणवायू कमी, त्यामुळं सगळीकडंच आकसणं सुरू होतं, तेही कुठं जास्त कुठं कमी. दाब चढतो, आणि जिथं वाहिन्या कमी आकसल्या तिथं तो सगळा जोर आदळून पाणी पाझरतं. तुम्ही त्याला हॅपो म्हणता. म्हणजे एका अवयवाचं शहाणपण आणि दुसऱ्याची चूक एकाच वेळी, एकाच कारणानं. देहाला हिमालय ठाऊक नव्हता. खाली राहणाऱ्यांच्या दुखण्यांसाठी जे उपाय त्याच्यात होते, तेच तो वर जाऊन वापरतो. एखादा लागू पडतो, एखादा जीव घेतो.

फौजी : हॅपो मला पुस्तकातून सांगू नका. काल संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळलेला पोरगा आज पहाटे ओठ निळे घेऊन बसलेला असतो, आडवा होऊ शकत नाही, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. त्यातही मार खातो तो बहुतेक तगडाच. रनिंगमध्ये पहिला येणारा, पैलवान गडी. त्याला वाटतं, मला काय होतंय. बारीक चणीचा, भित्रा, डोकं दुखतंय म्हणून निजून राहणारा गडी सुखरूप असतो. म्हणूनच तर सैन्यानं वेळापत्रक घालून दिलं. पहिला टप्पा नऊ ते बारा हजार फूट, सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग सपाटीवर चालणं, मग थोडा चढ. दुसरा टप्पा पंधरा हजार फुटांपर्यंत, चार दिवस. त्याच्या वर तिसरा, आणखी चार दिवस. एकूण चौदा. आम्हाला सैन्यात सगळ्यांत अवघड हुकूम कुठला वाटला माहितेय? पहिले दोन दिवस काही करायचं नाही, हा. विशीतल्या पोराला डोंगर समोर दिसतोय आणि हवालदार सांगतोय, गप पडून राहा.

डॉक्टर : आणि हे वेळापत्रक आलं कुठून? १९६२ च्या युद्धात आणि नंतर हजारो जवान सपाटीवरून थेट उंच मुलखात नेले गेले. त्यातल्या आजारी पडलेल्यांना लष्करी डॉक्टरांनी तपासलं. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६९ सालचा निबंध १,९२५ जवानांवरचा आहे. उंचीच्या आजारावर जगभर अजूनही त्याचा दाखला देतात. पाश्चात्त्य डॉक्टरांना गिर्यारोहकांच्या चार-दोन हकिगती मिळायच्या. आपल्या सैन्यानं मात्र एवढी माणसं एकाच वेळी इतक्या वर नेली होती. म्हणजे चौदा दिवसांचं हे शहाणपण देहातून आपोआप आलेलं नाही, आजारी पडलेल्या आणि मेलेल्या माणसांच्या नोंदींतून आलंय. मेजर, तुम्ही त्याचं श्रेय शरीराला देता, इथंच माझा आक्षेप आहे. आपल्या द्राक्षाचं बघा. थंड मुलखातला हा वेल तिकडं हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. तासगावात त्याला झोपायला हिवाळाच मिळत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो, डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतो, मुळाला डॉगरिजचा खुंट देतो. दोन वर्षं छाटणी चुकवा आणि वेलाला म्हणा, आता तू इथला झालास, घे जुळवून. बाग उभी राहील का? तुमचा जवानही वर असाच उभा असतो. चौदा दिवस, हेलिकॉप्टर, रॉकेल, डबाबंद अन्न, सकाळ-संध्याकाळ विचारपूस करणारा नर्सिंग असिस्टंट. यातलं एकेक काढून घ्या आणि मग देहाची किमया बघा.

फौजी : द्राक्षाचा दाखला तुम्ही दिलात, आता तो पुरता ऐका. छाटणी कुणी लाकडाच्या ओंडक्यावर केली तर घड लागत नाहीत. वेलात मुळात ताकद असते म्हणून छाटणीला फळ येतं. आणि बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी काय केलं? थॉम्सनच्या बागेतला वेगळा वेल हेरला, त्याच्या काड्या लावल्या, आणि तास-ए-गणेश जात देशभर गेली. म्हणजे वेलातच फरक पडलेला होता. माणसानं तो ओळखला आणि जपला. तसंच लडाखी माणसाचं बघा. लडाख स्काउट्सच्या पोरांबरोबर मी चाललोय. आम्ही दहा पावलांवर थांबायचो, ते आमचं ओझं घेऊन गाणं म्हणत पुढं जायचे. त्यांना कुणी चौदा दिवसांचं वेळापत्रक दिलं? ते तिथलेच. तुम्ही म्हणता देहाला हिमालय ठाऊक नव्हता. त्यांच्या देहाला ठाऊक आहे की! मग आमच्याही पिढ्या तिथं राहिल्या तर होईल ना तसं?

डॉक्टर : होईल, पण तुम्हाला वाटतं त्या वाटेनं होणार नाही, आणि फुकट तर मुळीच नाही. तुम्ही सहा महिने वर राहून आलात की रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन चांगलं चढलेलं दिसतं. पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणी घटून ते दाट होतं. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन वाढतं आणि काही आठवड्यांत नव्या तांबड्या पेशी येतात. पेशींना प्राणवायूची टंचाई कशी कळते, याचा उलगडा करणाऱ्या तिघांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. फौजी लोक या दाट रक्ताची फुशारकी मारतात. आता तिबेटी माणसाचं रक्त बघा. चार हजार मीटरपर्यंत त्याचं हिमोग्लोबिन जवळजवळ सपाटीवरच्या माणसाइतकंच असतं! २०१० साली हे जनुकांत सापडलं. ईपास-वन नावाच्या जनुकाचं त्यांच्यातलं रूप रक्त फार दाट होऊ देत नाही. २०१४ मध्ये कळलं की ते रूप डेनिसोव्हन या लुप्त झालेल्या मानवांकडून आलंय. त्यांचा श्वास जास्त चालतो, रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, पातळ रक्त भराभर फिरतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक वेगळ्या वाटेनं गेले. त्यांचं रक्त दाट, छाती मोठी. पण कित्येकांना मध्यम वयात ते रक्त इतकं दाटतं की डोकं जड, ओठ जांभळे, हृदयावर ताण. पेरूतल्या कार्लोस माँगे यांनी हा आजार वर्णिला, त्यांचंच नाव त्याला पडलं. म्हणजे ज्याला तुम्ही देहाची कमाई समजता, तीच दाबून ठेवणारं जनुक हजारो वर्षांत तिबेटमध्ये निवडलं गेलं. तुमच्या रक्तानं जो उपाय केला, तो जखमेतून रक्त वाहून गेलेल्या माणसासाठीचा होता.

फौजी : निवडलं गेलं म्हणजे कुणी निवडलं? आर्व्यांसारखा माणूस तर तिथं नव्हता.

डॉक्टर : म्हणूनच म्हटलं, फुकट नाही. तिथं निवड गरोदरपणानं आणि मरणानं केली. उंचावर गर्भाला रक्त कमी पुरतं, मुलं कमी वजनाची होतात. खालून वर राहायला गेलेल्या हान चिनी बायकांपेक्षा तिबेटी बायकांची मुलं तिथं जास्त वजनाची जन्मतात. नेपाळच्या अप्पर मुस्तांगमधल्या ४१७ बायकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेतीन हजार मीटरच्या वर आयुष्य काढलेल्या या बायका. ज्यांना जास्त मुलं झाली, त्यांचं हिमोग्लोबिन ना चढं ना उतरतं, मधलं होतं. आणि ते प्राणवायूनं चांगलं भरलेलं होतं. म्हणजे निवड अजून चालू आहे. पण तिचा अर्थ असा की इतर बायकांच्या वाट्याला कमी मुलं आली. एखादा समाज उंचीला सरावतो, तेव्हा एकेका घरात काय झालेलं असतं, ते या वाक्यातून कळत नाही. आणि तुमचा तासगावचा जवान या रांगेत कुठंच नाही. त्याच्याकडं ते जनुकही नाही आणि हजारो वर्षंही नाहीत. त्याच्याकडं आहेत चौदा दिवस.

फौजी : बरं, मग एका पाखराचं सांगतो. थंडीत उजनीच्या पाण्यावर पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हिमालयापलीकडून येतात आणि इथं कोवळी पिकं खात निवांत राहतात. त्यांना वरही जमतं, खालीही जमतं. निसर्गात अशी सोय आहे तर माणसातही थोडी असेलच. आणि जनुकं नसलेल्या माणसांनीही अशक्य ते केलंच की. १९७८ च्या मे महिन्यात मेसनर आणि हाबेलर सिलिंडरशिवाय एव्हरेस्टवर पोचले. त्याआधी तुमच्यासारखे जाणकार सांगत होते, मेंदू निकामी होईल. आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेली, २०२१ मध्ये अन्नपूर्णेवर, २०२२ मध्ये कांचनगंगेवर. आठ हजारांवरची पाच शिखरं झाली तिची. सातारा काय तिबेटात आहे?

डॉक्टर : पट्टकादंबाचं हिमोग्लोबिनच निराळं असतं. त्याच्या साखळीतला एक दुवा बदललेला असल्यानं ते विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं. शिवाय त्याच्या अंगावर यंत्रं लावून बघितलं तर ते सात हजार मीटरच्या पुढं गेल्याची नोंद फार थोडी. जमेल तितकं ते डोंगराच्या अंगाअंगानं खालूनच जातं. ज्याला उंची जमते तो ती शक्य तेवढी टाळतो, एवढं तरी त्या पाखराकडून घ्या. गिर्यारोहकांबद्दल मला आदर आहे. पण ते वर राहायला जात नाहीत. बेस कॅम्पवरून थोडं वर जायचं, झोपायला खाली यायचं, पुन्हा वर, अशा खेपा करतात. माथ्यावर थोडा वेळ, आणि मग जीव घेऊन खाली. तुमच्या पोस्टवर झोपायलाही वरच. माणूस कायमचा किती उंच राहू शकतो, याचं उत्तर सापडलेलं आहे. पेरूतलं ला रिंकोनादा हे सोन्याच्या खाणीचं गाव ५१०० मीटरवर आहे, त्याच्या फार वर कायमची वस्ती नाही. चिलीत औकानकिल्चाच्या गंधकाच्या खाणीतले मजूर ५९५० मीटरवर काम करायचे, पण झोपायला ५३०० मीटरवर उतरायचे. तेही त्या डोंगरात जन्मलेले लोक. १९६०-६१ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात ५८०० मीटरवर शास्त्रज्ञांनी रुपेरी झोपडी बांधून हिवाळा काढला. खायला भरपूर होतं, व्यायाम होता, तरी त्यांची वजनं उतरतच राहिली. त्या उंचीवर शरीर सरावत नाही, झिजतं. आणि हे आपल्या माणसांवरही दिसलंय. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये २१ भारतीय जवानांची हकिगत आली. ५८०० ते ६७०० मीटरवर सरासरी दहा-अकरा आठवडे राहिल्यावर त्यांची हृदयं थकली, पाय सुजले, पोटात पाणी झालं. ही माणसं टप्प्याटप्प्यानं, नियमानं वर गेलेली होती. खाली आणल्यावर बरी झाली. मेजर, हे वेळापत्रक चुकवलेल्यांचं दुखणं नाही. वेळापत्रक पाळूनही पुढं काय वाढून ठेवलंय, ते यात दिसतं.

फौजी : म्हणून तर वरच्या पोस्टवर साधारण तीन महिन्यांच्या वर ठेवत नाहीत. १९८४ मध्ये ग्लेशियरवर गेलो तेव्हा हे सगळं कुणाला ठाऊक होतं? पुढं नियम बदलले, कपडे बदलले, रेशन बदललं. तुम्ही मघापासून देह आणि व्यवस्था वेगळी करताय, मला ती वेगळी दिसतच नाही. पलटण म्हणजे एकट्याचा देह नसतो. दोराला बांधून चालतो आम्ही, एक घसरला तर बाकीचे धरतात. माणूस तसाच जगात सगळीकडं गेला, एकट्यानं कुठंच गेला नाही. आणि सुट्टीचं बघा. महिनाभर तासगावात राहून परत गेलो की पुन्हा टप्पे पाळावे लागतात, कारण सरावलेलं सगळं खाली उतरतं. रक्त पहिल्यासारखं होतं, श्वास पहिल्यासारखा. तुम्ही म्हणाल, बघा, शून्य झालं. पण दुसऱ्या खेपेला मी पहिल्या खेपेचा उरत नाही. मला माझं डोकं दुखणं ओळखू येतं, कुठलं साधं आणि कुठलं खाली उतरा म्हणणारं. पोरगं जेवणावरून उठलं, बोलताना अडखळलं, सरळ रेषेत चालेना झालं, की मला कळतं. ते माझ्या रक्तात नाही, मान्य. पण गेलंही नाही.

डॉक्टर : इथं तुम्ही मला अडवलंत. मी देहात शोधत होतो, तुम्ही ते माणसामाणसांत दाखवलंत. पण मग तुमच्याच म्हणण्याची दुसरी बाजूही घ्या. हे सराईतपण जर ओळखण्यात आणि सांगण्यात असेल, तर त्याला सगळ्यांत मोठा धोका कशाचा? पोरानं न सांगण्याचा. डोकं दुखतंय हे सांगणं त्याला कमीपणाचं वाटतं. का वाटतं? कारण त्याला आपण लहानपणापासून ऐकवलंय की मराठी गड्याचं शरीर कशालाही सरावतं. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव, दर घरातला फौजी, वेशीवरचा हुतात्म्यांचा स्तंभ, या सगळ्याचा मलाही अभिमान आहे. पण तो अभिमान हॅपोच्या पहिल्या रात्री तोंड बंद ठेवायला लावतो. शरीराचं जितकं कौतुक जास्त, तितकं दुखणं लपवणं जास्त. आणि दुसरं, हे ज्ञान जुन्या हातांत राहतं म्हणालात. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांसाठी जातात, त्यातले एकचतुर्थांशच पुढं कायम होतात. मग ते जुने हात कुठून आणायचे?

फौजी : हे मात्र मलाही खुपतं. पण लपवण्यावर उपाय भीती घालणं नव्हे. घाबरलेला गडी तर जास्त लपवतो. त्याला वाटतं, आपल्याला खाली पाठवतील, पलटण हसेल. मी त्याला सांगतो, शरीर तयार होईल, पण ते तुला निरोप पाठवत राहील, तो मला कळवायचा. माझ्या पोस्टवर डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला कुणी हसायचं नाही, हा नियम होता. आणि उंचीचं सगळं भय प्राणवायूतच असतं असंही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला, दहा जण गाडले गेले. त्यात आपल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा नर्सिंग असिस्टंट होता. दुसऱ्यांचे श्वास मोजणारा माणूस. त्याचं रक्त सरावलेलं होतं, टप्पे पाळलेले होते. बर्फाच्या कड्यापुढं त्याचा काय उपयोग? म्हणून मी म्हणतो, देह किती टिकतो एवढ्यावरच सगळा हिशेब करू नका.

डॉक्टर : तेच मी दुसऱ्या टोकाकडून म्हणतोय. देह किती सोसतो, हे मोजता येतं. मोजून झालंही आहे. किती सोसायला सांगायचं, हे कुठल्याच तपासणीत निघत नाही. उलट, मोजमाप जितकं पक्कं होतं, तितकं त्या रेषेपर्यंत माणसाला नेणं सोपं होतं. १९६९ चा निबंध जीव वाचवण्यासाठी लिहिला गेला, आणि त्याच्याच आधारावर १९८४ नंतर माणसं वर्षानुवर्षं तिथं ठेवता आली. वेळापत्रक नसतं तर हॅपोनं शेकडो गेले असते, आणि शेकडो गेले असते तर कदाचित कुणी तिथं राहिलंच नसतं. मी ज्या शास्त्राचा माणूस आहे, त्यानं जवान वाचवले की पोस्ट वाचवली, हे मला अजून ठरवता येत नाही.

फौजी : दोन्ही वाचवलं, असं मी म्हणेन. आम्ही खाली उतरलो असतो तर पलीकडचे वर चढले असते. ती पोस्ट रिकामी राहिली नसती, दुसऱ्या कुणाचा तरी देह तिथं झिजला असता. तुम्हाला माणूस दिसतो, मला कडाही दिसतो. पण एवढं मी मान्य करतो, शरीर आपलं आपण तयार होतं हे माझं पहिलं बोलणं अपुरं होतं. ते तयार होतं, काही उंचीपर्यंत, काही दिवसांपुरतं, आणि कुणीतरी लक्ष ठेवून असेल तर. आता तुम्ही सांगा. उद्या आपल्या तालुक्यातलं पोरगं सैन्यभरतीच्या मेडिकलच्या तयारीला तुमच्याकडं आलं, छाती भरते, डोळे चांगले, रक्त चांगलं. काय सांगाल?

डॉक्टर : फिट आहेस म्हणून सांगीन. पण किती उंचीसाठी फिट, किती दिवसांसाठी, आणि थांबवायचं कधी, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

फौजी : रकाना काढाच. पण तो भरायला वर राहून आलेला माणूस बसवा. ऑक्सिमीटरचा आकडा बघून मी कधीच कुणाला ओळखलं नाही, चालीवरून ओळखलं.

डॉक्टर : वर राहून आलेला माणूस पोस्ट रिकामी राहू नये याचा विचार आधी करील, मेजर. आकड्याचं बरं असतं, त्याला पोस्टची काळजी नसते.

फौजी : आणि पोराचीही नसते. तुमच्या आकड्यानं ठरवलं तर वर कुणीच जाणार नाही, माझ्या डोळ्यानं ठरवलं तर एखादा जास्त दिवस राहील. दोन्हींतली कुठली चूक परवडते, हे पोरालाच विचारायचं म्हटलं, तर ते विशीतलं पोरगं काय उत्तर देणार, तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.